बाबांच्या वाटीतली तर्री

बाबांच्या रक्ताची नळी पाहून मला आधी आनंद झाला आणि भीती नंतर वाटली. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. लॅबमधल्या भैयाने मशीनमधून नळी काढली, उजेडासमोर धरली आणि म्हणाला, "दीदी, ये देखिए, पूरा दूध है." खाली लाल भाग बसला होता आणि वर, जिथे पिवळसर, आरपार दिसणारं पाणी असायला हवं, तिथे पांढरा गढूळ द्रव होता. मी शाळेत अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. वीस वर्षं फळ्यावर फॅटी ॲसिडच्या साखळ्या काढत आले, पण ती चरबी अशी समोर, स्वतःच्या बापाच्या रक्तात तरंगताना, कधी पाहिली नव्हती. मी चक्क मोबाइलवर फोटो काढला. बाहेर बाकड्यावर कोपरात कापूस दाबून बसलेल्या बाबांना तो दाखवला, तर ते म्हणाले, "एवढी खूश काहून होऊन राहिली? बाप मरून राहिला ना इथं तुहा!"

मरायचं काही कारण नव्हतं, पण घाबरायचं होतं. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. ती दीडशेच्या आत हवी, बाबांची होती सहाशे चाळीस. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले की तेल, साखर, मैदा, मटण यांना आवर घातला नाही तर पुढच्या वेळी बाबा स्वतःच्या पायांवर चालत येतील याची खात्री नाही. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. फाइलवर सही करावी तशी त्यांनी मान हलवली. मी मात्र त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडले ती एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखी.

घरात आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे रागवायला हक्काची माणसं ही दोनच. मूळचे आम्ही नागपूरकडचे. आजोबा नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झालो. गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. मराठी उरली ती घरात, विहारात आणि स्वयंपाकात. स्वयंपाकात तर जास्तच. आमच्याकडे रविवारी मटणाचा रस्सा होतो आणि रस्सा म्हटलं की तर्री आलीच. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा लालभडक तेलाचा थर. तिखट, मसाला, सगळा सुवास त्या तेलात उतरलेला असतो. तर्री नसलेल्या रश्श्याला आमचे नागपूरचे नातेवाईक रस्सा म्हणतच नाहीत.

आणि ही तर्री कुणाला वाढायची याची एक रीत असते. ती कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. पाहुणे आले तर पहिली पळी वरून, त्यांना. मग घरातला कर्ता पुरुष. बायका शेवटी बसतात, तोवर पातेल्यात खालचा पातळ रस्सा आणि दोन-चार हाडं उरलेली असतात. मला नोकरी लागली त्या महिन्यापासून आई मलाही वरचीच पळी वाढू लागली. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, उलट छान वाटलं.

तर मोहीम. पहिल्या आठवड्यात मी वनस्पती तुपाचा डबा कामवाल्या दीदीला दिवे लावायला देऊन टाकला. एकदा तळलेलं तेल गाळून पुन्हा फोडणीला वापरायचं नाही, असा फतवा काढला. फ्रिजच्या दाराला कागद चिकटवला आणि त्यावर बाबांचं वजन, खाणं, चालणं रोज लिहू लागले. वर्गात तर मी नुसती पेटले होते. पोरांना विचारलं, "घी जमता क्यों है, तेल क्यों नहीं जमता?" मग दहा खडू सरळ रचून दाखवले. सरळ साखळ्या सरपणाच्या मोळीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून तूप जमतं. साखळीत एक जोडी दुहेरी बांधलेली असली की तिथे तिला बाक येतो, मोळी नीट बांधता येत नाही, म्हणून तेल वाहतं. यातल्या दोन प्रकारच्या साखळ्या आपल्या शरीराला बनवताच येत नाहीत, त्या खाण्यातूनच मिळवाव्या लागतात. खाल्लेली चरबी रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पापुद्र्यात जाऊन बसते. पेशी तीन-चार महिने जगते, म्हणजे तेवढ्या दिवसांचं खाणं तिच्या अंगावर असतं. "म्हणजे माणूस खोटं बोलला तरी त्याचं रक्त खोटं बोलत नाही," हे मी हिंदीत इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

घरी हेच सगळं आईला सांगितलं. ती कणीक मळता मळता "हो का" म्हणाली.

मग जवसाचा शोध लागला. वाचून वाचून मला कळलं की शरीराला बनवता न येणाऱ्या त्या साखळ्यांपैकी एक अलसीत भरपूर असते. दुकानातून छोटं, चकचकीत, महागडं पाकीट आणलं. आमच्या शाळेत मझौली गावाहून रोज येणाऱ्या एका शिक्षिकेने ते पाहिलं आणि ती पोट धरून हसली. त्यांच्या शेतात ती पोत्याने निघते. तिने मला पिशवीभर आणून दिली. मी घरी येऊन आईसमोर मूठ उघडली आणि भाषण सुरू करणार, तोच ती म्हणाली, "हे तं जवस होय! याची चटणी रोज खात होतो आम्ही माहेरी. तेलही याचंच राहे. मंग तुम्ही लोकं म्हणाले वास येते, म्हून बंद केली." तुम्ही लोकं म्हणजे मी आणि बाबा. लहानपणी मीच तोंड वाकडं केलं होतं. तिने लगेच तवा ठेवला, जवस भाजले, लसूण, तिखट, मीठ घालून कुटले आणि घरभर तो खमंग वास सुटला. आम्ही तिघांनी गरम पोळीबरोबर ती चटणी खाल्ली. मी इतकी आनंदले की त्या शिक्षिकेला लागलीच फोन लावला आणि तुमच्या गावात काय खजिना आहे याची तुम्हाला कल्पना नाही, असं तिलाच ऐकवलं.

बाबाही रंगात आले. सकाळी चालायला जाऊ लागले. दर बुधवारी स्कूटर काढून नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या घाटाकडे जात आणि ताजे मासे घेऊन येत. माशातली चरबी अलसीतल्यापेक्षा जास्त कामाची, कारण अलसीतली शरीराला आणखी लांब करून घ्यावी लागते आणि त्यात बरीच वाया जाते, हे ते शेजाऱ्यांना समजावून सांगत. माझंच वाक्य, पण सांगताना मिशीवर हात त्यांचा.

रविवारच्या मटणाचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. बाबा म्हणाले, "मटण सोडन, पण मंग गोळी बी सोडन." शेवटी तह झाला. मटण महिन्यातून दोनदा, दोनच फोडी, आणि वाटीवरची तर्री पूर्ण काढायची. रस्सा बिनतर्रीचा करून पाहिला होता, पण मसाला कच्चा लागला आणि बाबांनी ताट सरकवलं. म्हणून आईने नेहमीसारखा करायचा आणि वाढताना पळीने तर्री बाजूला करायची, असं ठरलं. माझ्याही वाटीतली काढ, मी म्हटलं; मोहिमेचा पुढारी स्वतः तेल पितो हे बरं दिसत नाही. आईने मान डोलावली. तसंच दुधावरची साय काढायची, बाबांच्या अंड्यातला पिवळा बलक काढायचा, पोळीला तूप लावायचं नाही. काढायच्या गोष्टींची यादी माझ्याकडे तयार होती. काढलेलं जातं कुठे, हे मी एकदाही विचारलं नाही.

सहा महिन्यांत बाबा एकशे नव्वदवर आले. भैयाने नळी दाखवली, पाणी स्वच्छ होतं. मी लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले गोळीनेही काम केलं आहे, पण ते मी कानाआड केलं.

यशाने माणूस जरा बेतालच होतो. बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात सकाळी वंदना आणि मग सगळ्यांना खीर असते. यंदा खिरीआधी रक्त तपासणीचं शिबिर ठेवायचं, सगळ्यांनी उपाशीपोटी यायचं, अशी कल्पना मी काढली आणि लॅबवाल्या भैयाला पटवलं. टेबल लागलं, सुया आल्या, पुरुषांची रांगही लागली. बायका मात्र मागे चुलीपाशी, दूध आटवण्यात गुंतलेल्या. कुणी पुढे येईना. "आमाले काय झालं? आमाले काही नाही झालं," असं एकमेकींकडे बघून हसत होत्या. मग मी आईचा हात धरला आणि तिला सगळ्यांसमोर ओढत नेलं. माइक माझ्या हातातच होता. "पहिली सुई माझ्या आईला! आमच्या घरात तेल कसं कमी झालं ते तिच्या रिपोर्टात बघा!" आई पदर सावरत खुर्चीवर बसली, लाजली. सुई घुसली तेव्हा तिने बाजूला पाहिलं. त्यानंतर अकरा बायका रांगेत आल्या. मी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी भैयाचा फोन आला. मला वाटलं कौतुकाचा आहे. "दीदी, आप माताजी को लेकर डॉक्टर साहब के पास चली जाइए," एवढंच तो म्हणाला. कागद हातात आला तेव्हा मी आधी वरचं नाव तपासलं, मग खालचे आकडे. ट्रायग्लिसराइड चारशे ऐंशी. साखर मधुमेहाची, आणि चांगली वाढलेली. माझा पहिला विचार असा होता की नळ्या बदलल्या. मी भैयाशी भांडलेही. त्याने शांतपणे पुन्हा रक्त घेतलं आणि आकडे जवळपास तेच आले.

डॉक्टरांनी ईसीजी काढला. पट्टी बराच वेळ पाहिली. जिना चढताना दम लागतो का, असं आईला विचारलं. लागतो, ती म्हणाली, दिवाळीपासून लागतो. आम्हाला ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना मधल्या पायरीवर थांबताना दिसायची, पण वयाने होतं असं धरून आम्ही चाललो होतो. हृदयाला रक्त नीट पोहोचत नसावं अशी शंका आहे, ते म्हणाले. इको करू, औषध सुरू करू, साखर आणि चरबी तीन महिन्यांत खाली आली तर ठीक, नाहीतर आत नळी घालून बघावं लागेल. मग त्यांनी आईला विचारलं की ती काय खाते. उत्तर मी दिलं. "सर, हमारे यहाँ तो एकदम सादा खाना है. तेल बहुत कम."

"मैं माताजी से पूछ रहा हूँ," डॉक्टर म्हणाले.

बोलले ते बाबा, तेही मराठीत, माझ्याकडे न बघता. "माह्या वाटीतून काढते ते तिच्याच वाटीत जाते ना. तर्री, साय, बलक, सगळंच. तुह्याही वाटीतलं."

डॉक्टरांना मी ते हिंदीत सांगितलं. "फेंका नहीं जाता इनसे," माझ्याच तोंडून निघालं. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, माझ्या आईची पिढी अशीच आहे, स्वतःच्या पोटात घालतील पण टाकणार नाहीत, असं बरंच काही मी म्हणाले. ते म्हणाले की एकट्या तर्रीने इतकं होत नाही. साखर कधीपासून वाढली आहे कोण जाणे, त्यात हे सगळं वरून पडलं. शेवटची तपासणी कधी केली होती? आई हसली. "कभी नहीं," ती म्हणाली, "मेरे को क्या हुआ था?"

घरी आल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "तुम्हाला दिसत होतं तर बोलला काहून नाही?" बाबा म्हणाले, "मले वाटलं तुले माहीत हाये. सगळं तं तूच लिहून राहिली होती." फ्रिजवरचा कागद तिथेच होता. सात महिन्यांच्या रोजच्या नोंदी, एका माणसाच्या. शिकलेली, पोरांना रक्त खोटं बोलत नाही असं ओरडून सांगणारी मी, आणि समोर बसून जेवणाऱ्या बाईचं ताट मला दिसलं नव्हतं. मला माझा इतका राग आला की मी तो कागद टरकावून काढला आणि मग मोरीत जाऊन रडले.

पुढचे तीन महिने आईचे होते. इकोत हृदयाचे ठोके, झडपा सगळं ठाकठीक दिसलं तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला. गोळ्या सुरू झाल्या. रस्सा आता मी करते. कांदा, खोबरं कोरडंच भाजून वाटलं आणि मसाल्याला पाण्याचा हबका मारत परतलं की तो कच्चा लागत नाही, हे चार वेळा बिघडवून मला कळलं. तेल तिघांना मिळून तीन चमचे, आणि काढून टाकण्यासारखं वर काही येतच नाही. जेवायला तिघं एकदम बसतो, आधी आईचं ताट. पहिल्या दिवशी तिला घास गिळवेना. "मी मांगून बसते ना, पोळ्या थंड होतात तुमच्या," असं म्हणत ती दोनदा उठली आणि बाबांनी दोनदा हात धरून खाली बसवली. संध्याकाळी बाबा तिला चालायला घेऊन जात. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं कामाशिवाय बाहेर पडत होते आणि गल्लीतल्या बायका खिडक्यांतून बघत. आई आधी त्यांच्या चार पावलं मागे चालायची. दीड महिन्यात बरोबरीला आली. एक दिवस मी शाळेतून येताना पाहिलं तर ती पुढे होती आणि बाबा मागून "अवं थांब नं" म्हणत होते.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला तो मोबाइलवर, मधल्या सुट्टीत. मी स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या उघडला. ट्रायग्लिसराइड एकशे सत्तर. साखर जवळजवळ जागेवर. सकाळचा ईसीजी डॉक्टरांनी पाहिला होता आणि आत नळी घालायची गरज नाही असं खाली लिहिलं होतं. मी मझौलीच्या शिक्षिकेला मिठी मारली, उरलेले दोन तास तिच्या गळ्यात घातले आणि रिक्षा करून घरी आले. दारातूनच ओरडले. बाबा लुंगी सावरत धावत आले, मी आकडे वाचून दाखवले, त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले, मग स्वतः चष्मा लावून वाचले. घरातलं पोर परीक्षेत पास झाल्यासारखे ते घरभर फिरले आणि नागपूरला फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेले.

आई पलंगावर शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ बसले, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि माझं जे साचलं होतं ते बोलले. माझं चुकलं, म्हटलं. तू आमच्यासाठी ते सगळं पोटात घालत राहिलीस, टाकवत नव्हतं म्हणून, आणि मला कळलं नाही.

तिच्या हातातली शेंग थांबली. "तसं नाही व," ती म्हणाली. "डॉक्टरलेही तू तेच सांगितलं, मी काही बोलली नाही. टाकता आलं असतं मले. कामवालीले देता आलं असतं."

"मग?"

"मले आवडे ते." तिने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, बाबा फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माहेरी बापाले भेटे, भावाइले भेटे. इथं आली तं सासऱ्याले, मंग तुह्या बापाले. मंग तुले. पन्नास वर्षं मी वाढतच राहिली, तर्री कशी लागते ते मले माहीतच नव्हतं. तुम्ही दोघांनी सोडली तवा पयल्यांदा माह्या वाटीत आली." ती हसली, अगदी मोकळं. "बरं झालं रिपोर्ट चांगला आला. आता नाही खाणार मी, घाबरू नको. पण खरं सांगू? ते सात महिने लय मजेत गेले माह्ये."